साठ फुटांत चार इंच

टिपणिसांनी मला फसवलं. दोन वेगळ्या लॉटचे गालिच्याचे रोल त्यांनी एकाच लॉटचे म्हणून दिले. नक्षी जुळेना तेव्हा ‘माल निर्दोष आहे, बसवणाऱ्याचा हात चुकला’ असं पत्र लिहून ते लोणावळ्यातल्या हॉटेलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. टिपणीस म्हणजे पुण्यातल्या एका गालिचे विकणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी. मी सोपान, गालिचे बसवणारा. संपादकांनी ‘धंद्यातले गमतीदार अनुभव’ मागितलेत. अनुभव गमतीचाच आहे, आणि मी तो हसतच सांगणार आहे. पण कुणी कुणाला फसवलं ते आधी लिहून ठेवलं, म्हणजे पुढे हसण्याच्या भरात कुणी ते विसरायला नको.

गालिचा बसवणं म्हणजे काय, असं लोक मला विचारतात. चटई पसरायची, त्यात काय, असा त्यांचा चेहरा असतो. साधा, एका रंगाचा गालिचा असेल तर त्यांचं थोडं बरोबर आहे. नक्षीचा गालिचा मात्र वेगळा. तो बारा फूट रुंदीच्या रोलमध्ये येतो. हॉल अठ्ठेचाळीस फूट रुंद असेल तर चार पट्टे शेजारी शेजारी टाकायचे, म्हणजे तीन सांधे आले. प्रत्येक सांध्यावर अर्धं फूल या पट्ट्यात आणि अर्धं त्या पट्ट्यात. ती दोन अर्धी अशी भेटली पाहिजेत की पाहणाऱ्याला ती कधी वेगळी होती असं वाटूच नये. खालून चिकटपट्टी, तिच्यावरून गरम इस्त्री, डिंक वितळला की वरून दोन्ही कडा दाबायच्या. एवढंच काम. पण ते चांगलं झालं की दिसत नाही. मी तीस वर्षं न दिसणारं काम करतो आहे. बिघडलं तरच लोक माझं नाव विचारतात.

मी मूळचा आंदर मावळातला. भाताची लावणी करत वाढलो, त्यामुळे ओळ वाकडी झालेली मला सहन होत नाही. लोणावळ्यात एका दुकानात रोल वाहायला लागलो आणि तिथे मिर्झापूरच्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो. उस्ताद फार बोलत नसत. पण एक गोष्ट त्यांनी मला पहिल्या महिन्यात सांगितली होती. एकाच नक्षीचे दोन रोल कधीच अगदी सारखे नसतात. एकातलं फूल किंचित लांब असतं, एकातलं किंचित आखूड. म्हणून कात्रीला हात लावण्याआधी सगळे रोल उलगडायचे, प्रत्येकातली दहा दहा फुलं फितीने मोजायची, आणि लांब फुलाचा रोल आधी बसवायचा. कारण आखूड पट्टा ओढून लांब करता येतो, लांब पट्टा काही केल्या आखडत नाही. “छोटेवाला पहले बिछाया,” उस्ताद म्हणायचे, “तो समझो खुद बिछ गए.”

या उलगडण्या-मोजण्याला पूर्ण एक दिवस लागतो. त्या दिवशी बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस नुसता रांगतोय. म्हणून हा दिवस कुणालाच द्यायचा नसतो, आणि मी तो भांडून घेतो. घासाघीस हा माझा आवडता खेळ आहे. आवाज चढतो, कान लाल होतात, दोनदा मी उठून निघून जातो आणि दोन्ही वेळा मला परत बोलावतात. सौदा तुटला म्हणून मी कधी झोप घालवली नाही, पण सौदा सहज झाला की मला करमत नाही. ही सवय पुढे महागात पडली. ते येईलच.

त्याआधी रेगे काकूंबद्दल सांगतो, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. तुंगार्लीत तळ्याच्या अंगाला त्यांचा बंगला. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या दिवाणखान्यात मी वेलबुट्टीचा गालिचा बसवला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. काकूंनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि अनवाणी चालायला लागल्या. खिडकीपाशी थांबल्या.

“इथे सांधा आहे.”

“काकू, सांधा तर असणारच.”

“असू दे. मला कळता कामा नये.”

मी भडकलो. मुंबईच्या मोठ्या मोठ्या हॉटेलांत असा सांधा चालतो म्हणालो. त्या म्हणाल्या, मग मुंबईला जा. तासभर आमचं भांडण चाललं. चहाही भांडतच प्यायलो. शेवटी त्यांना खोटं पाडायला मी गुडघ्यावर बसून बोट फिरवलं, तर एक कड खरंच दोन धाग्यांनी वर होती. मी इस्त्री गरम करायला घेतली. काकूंनी आतून दुसरा चहा आणला, या वेळी आलं घातलेला. तेव्हापासून त्या माझ्या परीक्षक. नवीन काम झालं की मी त्यांना बोलावतो, आणि त्या रिक्षा करून येतात, चपला काढून चालतात आणि मार्क देतात. पैकीच्या पैकी अजून दिले नव्हते.

तर, नंदूशेठ म्हणून एक सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी खंडाळ्याच्या बाजूला नवीन मंगल कार्यालय बांधलं. हॉल साठ फूट लांब, अठ्ठेचाळीस फूट रुंद, खाली गुळगुळीत संगमरवर. त्यांना त्यावर गालिचा हवा होता. किरमिजी रंगावर मोठी सोनेरी कमळं, प्रत्येक कमळ तीन फुटांचं. माल टिपणिसांचा, बसवणं माझं. आणि हॉलमधलं पहिलं लग्न रेगे काकूंच्या नातीचं. आता सांगा, मी जास्त कुणाला घाबरत असेन?

टिपणीस सौद्याला आले. मी माझ्या मोजणीच्या दिवसावर अडलो, आणि शिवाय गालिच्याखाली घालायला फोमऐवजी जाड नमदा मागितला. नमदा पायाला मऊ लागतो, वर्षानुवर्षं दबून सपाट होत नाही, आणि कुठलाही व्यापारी तो सुखासुखी देत नाही. मी एकदा उठून गेलो. दुसऱ्यांदा उठलो तेव्हा टिपणिसांनी हात जोडले.

“सोपानराव, नमदा देतो. एक नंबरचा देतो. फक्त तुमचा तो मोजणीचा दिवस सोडा. लग्न तोंडावर आलंय. माल एका लॉटचा आहे, चिठ्ठ्या बघा ना, दोन्ही रोलवर एकच नंबर.”

मी चिठ्ठ्या बघितल्या. नंबर एकच होता. मी हात पुढे केला.

“तुम्हाला कोण हरवणार!” टिपणीस म्हणाले, आणि मी फुगलो. घरी जाऊन बायकोला, सुमनला, सांगितलं की आज नमदा जिंकला. ती म्हणाली, “आणि दिलंत काय?” मी म्हणालो, एक दिवस. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी भाकरीकडे बघत जेवलो. जो माणूस नमदा देऊन तुमची मोजणी विकत घेतो, त्याला मोजणीची भीती असते. हे मला, घासाघिशीतल्या मला, सुचू नये! ही माझी चूक. मी ती झाकत नाही.

पहिल्या रोलचे दोन पट्टे बसले, आपसात सुरेख जुळले. मी खूश होतो. तिसरा पट्टा दुसऱ्या रोलमधला. दारापाशी कमळं जुळली. पाच कमळं पुढे गेल्यावर पाकळीला काठावर पायरी दिसायला लागली. दहाव्या कमळाला दोन इंच. स्टेजपाशी पूर्ण चार इंच. एका कमळामागे फरक किती? तांदळाच्या एका दाण्याएवढा. पण विसाव्या कमळाला वीस दाणे साठले होते, आणि ते साठले होते हॉलच्या बरोब्बर मधोमध, जिथून नवरा-नवरी चालत स्टेजकडे जाणार. पहिला रोल आखूड होता, दुसरा लांब. मी छोटेवाला पहले बिछाया था.

फीत मी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिरकावली. मग जाऊन उचलून आणली, कारण माझीच होती. फोटो काढून टिपणिसांना पाठवले. तासाभरात त्यांचं ते पत्र आलं. मला नाही, ग्रुपवर. संध्याकाळच्या आत एका बंगल्याच्या मालकिणीचा फोन आला, “आमचं काम जरा पुढे ढकलू या.” दुसऱ्या एका हॉटेलच्या मॅनेजरने तर काम का नको तेही सांगितलं नाही. लोणावळा लहान गाव आहे. इथे नाव कमवायला तीस वर्षं लागतात, घालवायला फोनवरचं एक बोट पुरतं.

लग्नाला दोन दिवस होते. नंदूशेठ घाम पुसत म्हणाले, “सोपानराव, फुलांच्या कुंड्या ठेवून झाकू या का मधे?”

“साठ फूट कुंड्या?”

उपाय मला माहीत होता. नवे पट्टे जागेवर पक्के करायचे, जुने दोन्ही पट्टे सोडवून दारापासून स्टेजकडे ओढत न्यायचे, एकेका कमळामागे एकेक दाणा, चार इंच पुरे होईपर्यंत. पण ओढलेला गालिचा परत मागे सरकतो. लाकडी जमीन असती तर प्रत्येक कमळाला तात्पुरता खिळा मारत गेलो असतो. संगमरवरात खिळा कुठे मारणार? मला खिळ्यांच्या जागी वजन हवं होतं, वीस कमळांवर वीस वजनं, जी सांगितल्यावर उभी राहतील आणि सांगितल्यावर बाजूला होतील.

मी गावी तुळसामावशींना फोन लावला. मावशी माझ्या आईच्या चुलतबहीण. आमच्या वाडीत कुणाचं काम अडलं की माणसं गोळा करायची ती मावशींनीच.

“मावशी, इर्जिक हाय.”

“आता कसली रं इर्जिक? भात कवाच झोडून झालं.”

“गालिचा ओढायचाय.”

“काय वढायचाय?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एखाद्याचं शेतकाम अडलं की सगळी वाडी एका दिवशी त्याच्या शेतात उतरते, त्याला आमच्याकडे इर्जिक म्हणतात. तिला मजुरी नसते. ज्याचं काम, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि दुसऱ्याच्या इर्जिकीला आपण जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा टेम्पो आणि एक जीप भरून बत्तीस माणसं आली. चोवीस बायका, आठ बाप्ये, आणि एकाने हलगी आणलेली. मंगल कार्यालयाच्या चकचकीत दारात ही मंडळी बघून नंदूशेठ माझ्या कानाशी आले. “सोपानराव, गालिचा नवा आहे हो. यांचे पाय…”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी पुढे झाल्या. “पाय धुऊनच येतो, शेट. तुमचं पावणं बूट घालून कुटं कुटं फिरून येत्यात, त्ये कदी इचारलं का?”

नंदूशेठनी स्वतः नळी धरली. बत्तीस जणांचे पाय धुतले गेले. ओळीत उभं राहून पाय धुताना बायकांना इतकं हसू येत होतं की लग्नघर आजच भरलंय असं वाटावं.

मग सुरू झालं. पट्ट्याची कड मी एका जाड फळीला पक्की गुंडाळली. आठ जणांनी फळी धरली. हलगी वाजली की एक झटका, थांबली की थांबायचं. हात एकसारखा पडला पाहिजे, नाहीतर नक्षी तिरपी जाते. गालिचा ताणायच्या यंत्राने मी एकट्याने हे चार दिवसांत केलं असतं. हलगीच्या ठेक्यावर आठ माणसं एका हाताने ओढतात, कारण हेच हात नांगराला, दगडाला, पावसात रुतलेल्या गाडीला असेच लागलेले असतात. पहिलं कमळ दाणाभर सरकलं, शेजारच्या कमळाला भिडलं. मी ओरडलो, “मावशी, उभी राहा!” मावशी कमळावर उभ्या राहिल्या. दुसरं कमळ, दुसरी बाई. तिसरं, तिसरी. दुपारी बाराच्या आत साठ फुटांच्या पट्ट्यावर कमळागणिक एक माणूस उभा होता, आणि मी मधून इस्त्री घेऊन रांगत होतो.

“लक्षुमी दिसतोय आपुन,” एक बाई म्हणाली. “कमळावर हुब्या.”

“लक्षुमीचं पाय दुकत न्हाईत,” दुसरी म्हणाली. “सोप्या, हात चालव की!”

मला इथे सोपानराव म्हणणारं कुणी नव्हतं. फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या रोलचा पुठ्ठ्याचा गाभा कोपऱ्यात पडला होता. पाय मोकळे करायला मावशी त्यावर बसल्या आणि टोकाची चिठ्ठी नखाने खरवडत म्हणाल्या, “हितं दोन चिठ्ठ्या हायत रं. एकीवर एक. सासूच्या उरावर सून.”

मी जाऊन इस्त्रीची धग दिली. वरची चिठ्ठी अलगद सुटली. खाली दुसरी होती, आणि तिच्यावर दुसरा नंबर. नंदूशेठनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि फोटो काढला. माझा हात चुकला नव्हता. मी त्या दोन्ही चिठ्ठ्या माझ्या वहीत चिकटवल्या आहेत, शेजारी शेजारी. कुणीही येऊन बघावं.

आता जेवण. नंदूशेठ खुशीत होते. “माणशी काय द्यायचं ते सांगा,” म्हणाले. मी उठलो. एकदा. “इर्जिकीला पैसे नसतात, शेठ. जेवण असतं. आणि ते यजमानाने वाढायचं असतं.” त्यांनी वेटरांना हाक मारली. मी दुसऱ्यांदा उठलो. नंदूशेठ हसायला लागले, शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि वाढपाचं भांडं हातात घेतलं. लग्नाच्या आचाऱ्याने पूर्ण बेत केला होता. हिरवळीवर पंगत बसली. मावशींनी बासमतीचा एक घास घेतला आणि पानाकडे बघत राहिल्या.

“शेट, ह्यो भात काय म्हणायचा? एक दाना दुसऱ्याशी बोलंना झालाय.”

नंदूशेठ इतके हसले की जिलेबीचं ताट त्यांच्या हातून कलंडलं. आता त्यांच्याकडच्या पंगतींना आमच्या वाडीचा इंद्रायणी तांदूळ जातो. हा सौदा मावशींनी केला, आवाज न चढवता, मठ्ठा पिता पिता. मी बाजूला बसून शिकलो.

दुपारी दुसरा पट्टा ओढला, शेवटचा सांधा दाबला. निवायला वेळ दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेगे काकू आल्या. वाडीतली मंडळी लग्न बघायलाच थांबली होती, कारण काकूंनी फोनवरून सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं. काकूंनी चपला काढल्या, डोळे मिटले. पहिला सांधा त्यांनी आडवा ओलांडला, थांबल्या नाहीत. तिसरा ओलांडला. मग वळून मधल्या सांध्यावरून दारापासून स्टेजकडे निघाल्या. आठवं कमळ, नववं. अकराव्या कमळावर थांबल्या.

“इथे,” काकू म्हणाल्या, “खाली काहीतरी आहे. गोल. लहान.”

मी गुडघ्यावर बसलो. बोटाला नमद्याच्या आत दबलेलं काहीतरी लागलं. मागून मावशींचा आवाज आला, “आगं बया! माजं जोडवं!”

आदल्या दिवशी पट्टा उचलून धरला असताना त्या नमद्यावर उभ्या होत्या, तेव्हा बोटातून निसटलं असणार. मी इस्त्री आणायला वळलो. सांधा उघडायचा, काढायचं, परत बसवायचा.

“ऱ्हाऊ दे,” मावशी म्हणाल्या. “सवाशिणीचं हाय. पोरीच्या वाटंवर हाय. म्हाताऱ्याला सांगीन, लग्नात आहेर केला म्हून.”

“पण काकू, तुम्हाला लागलं ना पायाला.”

“मला जोडवं लागलं,” काकू म्हणाल्या. “सांधा लागला नाही. कुठे आहे तो?”

मी दाखवला. त्यांनी वाकून, चष्मा लावून बघितलं. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा बघितलं. “पैकीच्या पैकी,” म्हणाल्या, “आणि त्यातले निम्मे या बायकांचे.” मी लगेच घासाघीस केली. साठ-चाळीसवर सौदा पटला.

लग्न छान झालं. नवरी त्याच वाटेने गेली. वाडीतल्या बायका भिंतीशी बसून तिच्याकडे नव्हे, तिच्या पायाखालच्या कमळांकडे बघत होत्या आणि कुठलं कुणाचं ते एकमेकींना दाखवत होत्या.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण ग्रुपवरचं पत्र तसंच आहे. नंदूशेठनी चिठ्ठ्यांचा फोटो टाकला, त्यावर कुणीतरी अंगठा दाखवला आणि खाली गुड मॉर्निंगची फुलं येऊन पडली. मी पुण्याला टिपणिसांच्या ऑफिसात गेलो, वही घेऊन. त्यांनी चहा दिला. वहीकडे बघितलं आणि गोड हसले. “आता झालं ना सगळं नीट? गालिचा सुंदर बसलाय म्हणतात. मग विषय कशाला?” मी चहा तसाच ठेवून उठलो. या वेळी मला कुणी परत बोलावलं नाही.

टिपणीस साहेब, गालिचा नीट बसला तो बत्तीस माणसांनी बसवला. त्याने तुमचं पत्र खरं होत नाही. मोजणीचा दिवस मी सौद्यात घालवला, ही माझी चूक, आणि ती मी इथे सगळ्यांसमोर लिहिली आहे. तुम्ही दिवाळी अंक वाचता, तुमच्या टेबलावर मी गठ्ठा पाहिलाय, तेव्हा हेही वाचाल. हॉल तिथेच आहे, नंदूशेठ दार उघडून देतील. पाय धुवा, चपला बाहेर काढा आणि मधला सांधा शोधून दाखवा. जोडवं सापडेल. सांधा सापडला, तर तुमचं पत्र मी फ्रेम करून माझ्या टेम्पोत लावीन. नाही सापडला, तर ज्या ग्रुपवर ते पत्र टाकलंत त्याच ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असं, एका प्रश्नाचं उत्तर द्या: त्या रोलवरची वरची चिठ्ठी कुणी चिकटवली?